शीर्षक नाही, मग डेटा काय? गायतोंडे यांच्या चित्रांवर संशोधन करताना

माझ्या सिनॉप्सिसच्या सादरीकरणात तिसऱ्याच स्लाइडवर मला थांबवण्यात आलं. पडद्यावर वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र होतं आणि त्याखाली मी लिहिलं होतं : ‘शीर्षकहीन’. समोर बसलेल्या तज्ज्ञांनी अगदी शांतपणे विचारलं, “चित्राला नाव नाही. चित्रकार फार बोलत नव्हता, लिहीत तर त्याहून नव्हता. मग तुमचा डेटा काय?” मी घाईघाईने ‘मौन’, ‘झेन’, ‘अंतर्मुखता’ असं काहीबाही बोलले. ते म्हणाले, “हे तर कुठल्याही अमूर्त चित्रकाराबद्दल म्हणता येईल. गायतोंड्यांबद्दल काय म्हणायचंय?” सिनॉप्सिस सुधारणेसाठी परत आला.

त्या दिवशी राग आला होता. जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत मी मनातल्या मनात त्यांना बरीच उत्तरं दिली. आता वाटतं, गेल्या दोन वर्षांत मला कुणी विचारलेला हा सगळ्यात उपयोगी प्रश्न होता. तुमच्यापैकी जे पेट पास होऊन विषय ठरवण्याच्या धडपडीत आहेत आणि त्यातही ज्यांना कला, साहित्य किंवा संगीतातल्या एखाद्या माणसावर काम करायचंय, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी भेटणारच. ज्या माणसाने स्वतःबद्दल जवळपास काही सांगून ठेवलं नाही, त्याच्या कारकिर्दीबद्दल आणि विचारांबद्दल पुराव्यानिशी कसं लिहायचं? मला जे थोडंफार उमगलं ते सांगते.

आधी माणूस कोण होता ते पाहू. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं, वाढले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये डिप्लोमा घेतला. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते थोड्या उशिराने, १९५० च्या सुमारास जोडले गेले. १९५७ मध्ये टोकियोत भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये मुंबई सोडून दिल्लीला निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या छोट्या घरात, राहायला गेले. लग्न केलं नाही. १० ऑगस्ट २००१ ला गेले.

एवढं कुठेही मिळतं. बऱ्याच जणांना तर ते ठाऊक असतात ते लिलावाच्या बातम्यांमुळे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९ सालचं एक शीर्षकहीन चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना गेलं आणि दोन वर्षांनी आणखी एक २९ कोटींच्या वर. हे आकडे मीही सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात टाकले होते, विषयाचं महत्त्व सिद्ध व्हावं म्हणून. आमच्या गाईड मॅडमनी त्यावर लाल पेनने काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘किंमत हा चित्राबद्दलचा पुरावा नाही, बाजाराबद्दलचा आहे.’ चित्रकार गेल्यानंतर बारा वर्षांनी लागलेली बोली त्याच्या विचारांबद्दल काय सांगणार?

मामांना दिसलेलं आभाळ

शब्दांपासून सुरुवात करू, कारण मी पहिली चूक तिथेच केली होती. गायतोंड्यांना मी सगळीकडे ‘अमूर्त चित्रकार’ म्हटलं होतं. ते स्वतः ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द आपल्या कामासाठी नाकारत आणि ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. मला आधी हा नुसता शब्दांचा खेळ वाटला. ‘दोन्ही एकच ना’ असं माझंही मत होतं.

मग एक गोष्ट घडली. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावी मामांना मोबाइलवर गायतोंड्यांचं सत्तरच्या दशकातलं एक चित्र दाखवलं. करडं, थोडं पिवळसर, मधे काहीतरी तरंगतंय असं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “हाई काय शे व माय?” मी म्हटलं, तुम्हीच सांगा. थोडा वेळ बघून म्हणाले, “पानी येवाना पह्यले आभाय असंच दिसस.” पाऊस येण्याआधीचं आभाळ. मग त्यांनी फोन उलटा धरला आणि म्हणाले, तरीही आभाळच!

मामांची नजर अडाणी नव्हती, हे आधी नोंदवते. समीक्षेच्या पुस्तकांतही समुद्र, धुकं, प्रकाश हे शब्द गायतोंड्यांबद्दल सर्रास येतात. पण फरक इथेच आहे. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणजे मूळ अर्थाने काहीतरी उचलून, गाळून, उरलेलं सार. झाड पाहिलं, साधं करत करत रेषांवर आणलं. म्हणजे सुरुवात वस्तूपासून होते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणारा माणूस सांगतोय, मी सुरुवातच कुठल्या वस्तूपासून करत नाही. मराठीत याला ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणता येईल. मग मामांचं आभाळ चित्रात आहे की मामांच्या डोळ्यांत, हा खरा प्रश्न झाला. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आता याच प्रश्नावर उभं आहे.

या शब्दाला स्वतःचा इतिहासही आहे. न्यूयॉर्कचं गुगनहाइम म्युझियम १९३९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नावच ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ होतं. ते पुढे बदललं. आणि त्याच म्युझियममध्ये २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं, संधिनी पोद्दार यांनी मांडलेलं. योगायोग म्हणून हे छान आहे. पण एवढ्यावरून ‘गायतोंड्यांनी शब्द तिथून घेतला’ असं लिहू नका. मी लिहिलं होतं. ते वाक्यही कापलं गेलं.

तारखा मांडून बघा

गायतोंड्यांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं विधान असं : ते अमेरिकेला गेले, तिथे मार्क रॉथकोचं काम पाहिलं आणि त्यांचं चित्र बदललं. दोघांच्या चित्रांची छायाचित्रं शेजारी ठेवली की पटतंही. रंगाचे मोठे पसरट पट्टे, कडा विरघळलेल्या, आत कुठेतरी उजेड.

पण साध्या वहीत तारखा लिहून पाहा. फेलोशिप १९६४ ची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गायतोंड्यांचं ‘पेंटिंग, ४’ नावाचं चित्र आहे, ते १९६२ चं. म्हणजे विमानात बसण्याच्या दोन वर्षं आधीचं. त्यात आकृती नाही, वस्तू नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ हातात घेतले होते. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकात, पॉल क्लेच्या रेषेचा आणि भूमितीचा प्रभाव दिसतो आणि त्याच्याही मागे, जे. जे.च्या काळात, भारतीय लघुचित्रांतले सपाट रंग आणि आकृत्या. बदल एका रात्रीत झालेला नाही, टप्प्याटप्प्याने झालाय. यातला मोठा टप्पा, आकृती सुटण्याचा, मुंबईत घडलाय. भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळी चित्रकारांना काम करायला जागा मिळायची. तिथेच रविशंकर यांचा संगीतवर्ग, तिथेच अल्काझींचं नाटक. गायतोंडेही तिथे काम करत.

म्हणजे रॉथकोचा संबंध शून्य? असंही म्हणता येत नाही. चित्रं छापील रूपात आधी पाहिलेली असू शकतात. अमेरिकेहून परतल्यानंतरचाही एक ठळक बदल आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस, १९६८ च्या सुमारास, आडवे कॅनव्हास मागे पडतात आणि उभे येतात. पुढची जवळपास सगळी मोठी चित्रं उभी, साधारण सत्तर इंच उंच आणि चाळीसेक इंच रुंद. माणसाच्या उंचीची. आडव्या चित्रात क्षितिज शोधायची आपल्याला सवय असते, उभ्यात ती थोडी मोडते. तेव्हा माझं सुधारलेलं विधान असं : आकृती आणि वस्तू सुटण्याचं कारण न्यूयॉर्क असू शकत नाही, तारखा ते होऊ देत नाहीत. आकार बदलण्यात त्या प्रवासाचा वाटा असू शकतो, पण ते अजून सिद्ध करायचंय. आधीच्या मसुद्यात हेच विधान दणदणीत होतं, आता बारीक झालंय. पण आता ते माझं आहे.

‘प्रभाव’ हा शब्द वापरण्याआधी हा व्यायाम कराच. कोणताही कवी घ्या, गायक घ्या. ज्याचा प्रभाव पडला म्हणता ते आधी घडलं का, आणि ते या माणसापर्यंत पोचण्याची वाट कोणती होती, एवढे दोन प्रश्न विचारले तरी निम्मी विधानं गळून पडतात.

अध्यात्माबद्दलही हेच. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज, जे. कृष्णमूर्ती, झेन ही नावं गायतोंड्यांवरच्या जवळपास प्रत्येक लेखात येतात. त्यांचं वाचन आणि ओढ याबद्दल मला शंका नाही. पण वाचन हे चित्राचं ‘कारण’ म्हणून मांडायचं असेल तर तीच कसोटी लावायला हवी. निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं ‘आय ॲम दॅट’ हे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९७३ चं आहे. ते हाताशी धरून १९६२ चं चित्र उलगडणारे लेख मी वाचलेत आणि एक तर जवळपास मीच लिहिला होता.

बोललेलं कधी बोललं?

आता मूळ प्रश्न : डेटा. गायतोंडे अगदीच बोलले नाहीत असं नाही. १९९१ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’साठी प्रीतिश नंदी यांनी घेतलेली मुलाखत आहे. सुनील काळदाते यांनी १९९५ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात ते स्वतः बोलतात. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांचं छोटं पुस्तक ललित कला अकादमीने १९८३ मध्ये काढलं. मीरा मेनेझिस यांचं चरित्र २०१६ चं. मराठीत सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’तर्फे काढलेलं ‘गायतोंडे’ हे जाडजूड पुस्तक आहे, त्यात त्यांना ओळखणाऱ्या अनेकांच्या आठवणी एकत्र आल्यात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन, इंग्रजीच्या धास्तीने विषय सोडण्यापेक्षा.

पण ही सामग्री एकाच वजनाची नाही. मुलाखत दिली तेव्हा गायतोंडे सदुसष्टीला टेकले होते, माहितीपटात सत्तरीचे. मौन, शांतता, सगळं शांततेतून सुरू होतं, हा त्यांचा जो विचार आज सगळीकडे उद्धृत होतो, तो या उतारवयातला आहे. तिशीतल्या गायतोंड्यांनाही तो तसाच मान्य होता का? असेलही. पण सत्तरीच्या माणसाने आपल्या तिशीबद्दल सांगितलेलं आणि तिशीत सांगितलेलं, यात फरक असतो. आपल्या आजीला तिच्या लग्नाबद्दल विचारून बघा, दरवेळी थोडं वेगळं सांगते!

मित्रांच्या आठवणींचं तर आणखी वेगळं. खान्देशातल्या वाचकाला हे समजावायला दूर जायला नको. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) लिहायला शिकलेल्या नव्हत्या. त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी टिपून घेतलं आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये सोपानदेवांच्या हातून ते पुस्तकात आलं. आपण वाचतो त्या ओळी बहिणाबाईंच्याच, पण आपल्यापर्यंत येताना मधे एक कान आणि एक लेखणी आहे. म्हणून कुणी त्या ओळी बाद करत नाही. फक्त मधला कान आणि मधली लेखणी लक्षात ठेवून वाचतो. गायतोंड्यांबद्दलची आठवण वाचतानाही तेच : कोण सांगतंय, किती वर्षांनी सांगतंय, आणि सांगताना गायतोंडे किती मोठे झालेले आहेत.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो मला. माणूस मोठा झाला की आठवणीही मोठ्या होतात. ‘तुसडा’ म्हणून ज्याला लोक टाळत असतील, तोच नंतर ‘ऋषी’ होतो. चाळीसगावच्या केकी मूस यांचं काय झालं पाहा (१९१२ ते १९८९). विलक्षण छायाचित्रकार. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून अख्खा निसर्गदेखावा उभा करायचे. पण चाळीसगावात कुणालाही विचारा, आधी ऐकायला मिळेल ती पंजाब मेलची गोष्ट : प्रेयसी येईल म्हणून रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवणारा एकांतवासी. गोष्ट सुंदर आहे. पण ती इतकी सुंदर आहे की छायाचित्रांकडे बघायला वेळच उरत नाही. गायतोंड्यांच्या निजामुद्दीनच्या खोलीचंही असंच झालंय. छोटं घर, मोजकं सामान, मोजकी माणसं.

त्या खोलीकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं आणि ते कुणी फारसं बघत नाही. गायतोंडे नोकरी न करणारे पूर्णवेळ चित्रकार होते. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास एवढंच काम. पन्नास-साठच्या दशकात असली चित्रं विकत घेणारे किती होते? होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रं जमवायला सुरुवात केली होती, गायतोंड्यांची चित्रं त्या संग्रहात आहेत. १९६३ मध्ये मुंबईत काली पंडोल यांनी गॅलरी उघडली, तिथे त्यांची प्रदर्शनं होत राहिली. जहांगीर निकल्सन यांच्यासारखे मोजके संग्राहक होते. एवढ्यावर चालायचं तर खर्च कमी ठेवणं भागच होतं. मग कमी गरजा हे तत्त्वज्ञान होतं की हिशेब? मला वाटतं दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांना धरून होतं. संथपणे काम करायचं असेल तर विक्रीचा ताण नको, ताण नको असेल तर गरजा कमी हव्यात. ‘वैराग्य’ म्हणून टाकलं की हा सगळा व्यवहार दिसेनासा होतो. व्यावसायिक चित्रकाराचं आयुष्य आपण अभ्यासतोय, तर त्याचं भाडं कोण भरत होतं हेही विचारायला हवं.

पृष्ठभाग काय सांगतो

मग खात्रीचा पुरावा कोणता? जो त्यांनी स्वतः, त्याच वर्षी, स्वतःच्या हाताने सोडलाय तो. म्हणजे चित्राचा पृष्ठभाग. आणि मागची बाजूही : त्यांच्या कित्येक कॅनव्हासांच्या मागे सही आणि साल आहे, काहींवर देवनागरीतही. शीर्षक नाही पण तारीख आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं!

मोबाइलच्या पडद्यावर मात्र पृष्ठभाग दिसत नाही. जळगाव-धुळ्यात बसून गायतोंड्यांवर लिहिण्यातली खरी अडचण ही आहे. सिनॉप्सिस परत आल्यानंतर मी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले आणि एका संग्रहात आधी परवानगी घेऊन एक मूळ चित्र पाहिलं. (सार्वजनिक संग्रहांतही चित्र भिंतीवर असेलच असं नसतं. आधी ईमेल करा, गाईडचं पत्र जोडा, नाहीतर माझ्यासारखी पहिली फेरी फुकट जाईल.)

चाळीस मिनिटं मिळाली. पहिली दहा मिनिटं मी भारावण्यात घालवली, त्यांचा संशोधनाला काही उपयोग नाही. मग वही काढली आणि एकच प्रश्न धरला : आधी काय लावलं, नंतर काय? कडेपासून सुरुवात केली, कारण कडेला खालचे थर उघडे राहिलेले असतात. फोनवर जो एकसंध पिवळा वाटत होता तो तिथे चार-पाच रंगांचा निघाला. पातळ रंगाचे थर एकावर एक, खालचा वरच्यातून झिरपून दिसणारा. काही ठिकाणी रंग लावलेला नाही, उलट काढून घेतलाय. सपाट पात्याने खरवडलेला. मधले ते ‘तरंगणारे’ आकार ब्रशने काढलेले नव्हतेच. गायतोंडे कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत, त्यासोबत रंगही उचलला जाई आणि खालचा थर फाटक्या कडेसकट उघडा पडे. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं, ती फाटकी कड नाकासमोर असणं वेगळं.

इथे मला पहिल्यांदा त्यांच्या विचारांबद्दल काहीतरी बोलता येईल असं वाटलं. ब्रशचा फटकारा म्हणजे हाताची सही असते. रोलर ती सही पुसतो. कागद दाबून उचलताना नेमका किती रंग येईल, कड कुठे फाटेल, हे पूर्ण हातात नसतं. म्हणजे पद्धतच अशी निवडलीय की आपला हात मागे राहावा आणि योगायोगाला जागा मिळावी. पण अमर्याद जागा नाही. थर वाळू द्यायचा, बघायचं, मगच पुढचा. वर्षाला पाच-सहा चित्रं का, याचं उत्तर निदान अर्धं तरी इथे आहे : बराचसा वेळ रंगवण्यात नाही, थांबण्यात आणि बघण्यात जात होता. मौन हा शब्द न वापरता मला मौनाबद्दल बोलता आलं, आणि प्रत्येक वाक्यासाठी बोट ठेवायला चित्रावर एक जागा होती.

१९८४ चा अपघातही याच नजरेने वाचता येतो. त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास त्यांना पेलवले नाहीत, त्या काळातली कामं कागदावरची, लहान, शाईची आहेत. रोलर नाही, थर नाहीत, नुसत्या खुणा. मग पुन्हा कॅनव्हासकडे वळले, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीकडे काम थांबवलं. शेवटी शेवटी ते म्हणत की चित्रं मनात होतच असतात, अशी आठवण सांगितली जाते. मी ती प्रबंधात घेतलीय, पण आठवण म्हणून, वर सांगितलेल्या वजनाने. शाईच्या कागदांना मात्र पूर्ण वजन दिलंय. शरीर साथ देईना तेव्हा माणसाने काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, हे तिथे कागदावर दिसतं.

एक कबुलीही देते. मुंबईहून परतल्यावर काही दिवसांनी मैत्रिणींबरोबर अजिंठ्याला गेले. जळगावहून साठेक किलोमीटर, शाळेपासून पाच-सहा वेळा पाहिलेलं. या वेळी माझी नजर बोधिसत्त्वावरून घसरून शेजारच्या पडझडीवर गेली. जिथे रंग गेलाय तिथे चुन्याचा पातळ थर, तोही गेलाय तिथे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्याखाली खडक. फाटक्या कडा. एकावर एक थर. मला वाटलं, सापडलं! जे. जे. आणि अजिंठा यांचं नातं जुनं आहेच, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून इथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. गायतोंडे जे. जे.चे. झाली की साखळी! परतीच्या गाडीत मी मोबाइलवर दोन पानं लिहून काढली.

दुसऱ्या दिवशी वहीत तारखा आणि वाट मांडायला बसले. वाट सापडली नाही. अजिंठ्याची पडझड पाहून गायतोंड्यांना थर सुचले, याला माझ्याकडे एकही कागद नाही, एकही आठवण नाही. असलंच तर ते मामांच्या आभाळासारखं आहे : मी खान्देशातली, मला अजिंठा दिसला. ती दोन पानं मी फेकली नाहीत. ‘माझी निरीक्षणं’ नावाच्या फाइलमध्ये आहेत, प्रबंधात नाहीत.

सुधारलेला सिनॉप्सिस पहिल्यापेक्षा पाच पानांनी लहान झाला. शीर्षकातून ‘तत्त्वज्ञान’ शब्द गेला, ‘पद्धती आणि कालक्रम’ आले. कालखंड १९५७ ते १९७२ एवढाच ठेवला, टोकियोच्या बक्षिसापासून मुंबई सोडण्यापर्यंत. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आणि प्रभाकर कोलते यांचं ‘कलेपासून कलेकडे’ ही पुस्तकं मी तुलनेसाठी घेतली, कारण या दोघांनी चित्रकार असून मराठीत लिहिलंय. जे गायतोंडे म्हणाले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालण्यापेक्षा, ज्यांनी आपल्या कामाबद्दल लिहिलं त्यांची मराठी शब्दकळा शेजारी ठेवावी.

पुढच्या सादरीकरणात तिसऱ्या स्लाइडवर तेच चित्र होतं. खाली ‘शीर्षकहीन’ आणि शेजारी साल, माप, माध्यम, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला, किती वेळ. तेच तज्ज्ञ होते. या वेळी त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “तो खालचा डावा कोपरा, तिथे रंग लावलाय की काढलाय?” मी म्हटलं, काढलाय, आणि वहीतलं रेखाटन पुढे केलं. ते दोन मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, “वरचा कोपरा बघायचा राहिलाय तुमचा.”

खरंच राहिला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा रात्रीची गाडी.